‘घाई नाही’ म्हणणाऱ्या साहेबांस

प्रति,
मा. विभागप्रमुख साहेब,
मुक्काम पोस्ट : आम्हा सर्वांचे मोबाइल.

विषय : रात्री उशिरा पाठवलेल्या ‘जरा बघून ठेवा, घाई नाही’ या संदेशाबद्दल आभार मानण्याबाबत.

साहेब, स. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा रात्री पावणेबारा वाजता आपण विभागाच्या ग्रुपवर तिमाही टार्गेटची शीट टाकलीत आणि खाली लिहिलंत, ‘जरा बघून ठेवा. घाई नाही.’ त्या ‘घाई नाही’बद्दल आपले जाहीर आभार मानावेत, एवढाच हेतू आहे. तक्रार वगैरे काही नाही. तक्रार असती तर ग्रुपवरच टाकली असती, आपण तिला अंगठा दिला असतात आणि विषय तिथेच मिटला असता.

आपल्या ‘घाई नाही’त केवढी ताकद आहे, हे आपल्याला ठाऊक नसावं. बारा वाजायच्या आत त्या संदेशाखाली भराभर अंगठे उमटले. पहिला अंगठा प्रोबेशनवरच्या मुलाचा. त्याला शीट उघडायचीसुद्धा गरज नव्हती. आपला सेवक जागा आहे एवढं साहेबांना दिसलं की झालं. दुसरा नागपूर शाखेचा, कारण मुंबईने अंगठा दिला आणि नागपूर झोपलं होतं, असं रेकॉर्डवर यायला नको. तिसरा कोल्हापूरचा, सोबत जोडलेले हात. मग फोन उलटा ठेवून पडलेल्यांची पाळी आली. सगळ्यांनी पाहिलं आणि आपणच राहिलो, ही टोचणी घेऊन कोण झोपणार? त्यांनीही अंगठे दिले. सकाळी सव्वानऊला लिफ्टमध्ये आपण सहज विचारलंत, ‘काय, पाहिलंत का?’ म्हणजे घाई खरंच नव्हती. आपण चांगली रात्रभर कळ काढलीत.

आपलं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे ‘ऑनलाइन दिसलात म्हणून पाठवलं.’ नावापुढच्या त्या हिरव्या ठिपक्यावर आपली भारी श्रद्धा. टीम्ससारख्या ॲपमध्ये संगणकाला पाच मिनिटं हात लागला नाही की ठिपका पिवळा पडतो. भर दुपारी मी कागद-पेन घेऊन आपल्याच बजेटचा हिशेब तपासत बसले, तर त्या ठिपक्याच्या लेखी मी जागेवर नाही. रात्री साडेअकराला फोनवर आपला आधीचा संदेश वाचायला ॲप उघडलं, तर मी हजर. तो हिरवा ठिपका बघून आपण पुढचा संदेश पाठवता, तो वाचायला मी थांबते, मी थांबलेली दिसते म्हणून तिसरा येतो. या हिशेबाने मला घरी जायला कधीच जमणार नाही, पण ठिपका सदैव हिरवागार राहील.

आणि या संदेशांच्या घंटीची एक खुबी आहे, जी आपल्याला ठाऊक नसली तरी आपल्या फार सोयीची आहे. यातली बहुतेक ॲप मुळातच अशी लावलेली असतात, की माणूस संगणकावर असेपर्यंत फोन गप्प राहतो. लॅपटॉप मिटला, की घंटी फोनकडे येते. म्हणजे दिवसभर जो फोन पर्समध्ये मुकाट पडलेला असतो, तो मी ऑफिसचं दार ओलांडलं की बोलू लागतो. काम संपल्याची खूण म्हणून लॅपटॉप मिटावा, तर तीच काम खिशात आल्याची वर्दी ठरते.

आता त्या फोनविषयी. फोन माझा आहे, साहेब. हप्ते मी भरते, रिचार्ज मी करते, फुटलेली स्क्रीनसुद्धा मी बदलून घेतली. त्यात आपलं ऑफिस राहायला आलं ते एका परिपत्रकावर. आधी गप्पांचं ॲप आलं. मग फाइलींचं. मग संगणकात लॉगिन करायला फोनवर दोन आकडी नंबर टाकायचं ॲप. ऑफिसातला संगणक ऑफिसचा, पण त्याची किल्ली माझ्या फोनमध्ये. मग कंपनीचं ‘वर्क प्रोफाइल’ आलं, ज्यातल्या प्रत्येक ॲपच्या चिन्हावर इवलीशी ब्रीफकेस असते. त्याने माझ्या फोनला सहा आकडी पिन लावायला लावला. ऑफिसच्या फाइलीतली एक ओळ कॉपी करून स्वतःला पाठवायला गेले, तर ‘आपली संस्था परवानगी देत नाही’ अशी पाटी झळकली. ऑफिसचा भाग कंपनी लांबूनच पुसून टाकू शकते, हेही मी सही करून मान्य केलंय. भाडं नाही, डिपॉझिट नाही, अकरा महिन्यांचा करारसुद्धा नाही. आणि रात्री-अपरात्री बेल वाजवायचा हक्क मात्र भाडेकरूला.

या बाबतीत मला अंगणवाडीच्या ताईंचा हेवा वाटतो. सरकारने त्यांना पोषणाच्या नोंदी ॲपवर भरायला मोबाइल दिले. फोन तापायचे, अडकायचे, माहिती भरता भरता बंद पडायचे. त्यात ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोबाइल वापसी आंदोलन केलं आणि ते फोन गठ्ठ्याने सरकारदरबारी परत नेऊन दिले. घ्या तुमचं ऑफिस, म्हणाल्या. आम्ही काय परत करणार, साहेब? फोन आमचाच. आमच्याकडे परत करण्याजोगी एकच वस्तू आहे, ती म्हणजे नोकरी. आणि हे परिपत्रक काढणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं.

आता आपल्या शीटकडे वळू. ती आपण घरी मोठ्या मॉनिटरवर केलीत, हे पहिल्याच नजरेत कळलं. माझ्या फोनवर तिचे अडीच रकाने दिसतात. शाखेचं नाव बघावं तर आकडे पडद्याबाहेर, आकडे बघावेत तर शाखा गायब. दोन बोटांनी मोठं केलं की एकच चौकोन उरतो. लहान केलं की मुंग्यांची रांग. दुरुस्तीसाठी चौकोनावर टिचकी मारली, की वरून सूत्राची पट्टी उतरते आणि खालून कीबोर्ड वर येतो. दोघांच्या मधल्या बोटभर फटीतून महाराष्ट्राची तिमाही विक्री बघायची. त्यात आपण सांगितलंय की सगळ्यांनी एकाच फाइलीत काम करायचं. त्यामुळे माझ्या चौकोनाशेजारी नाशिकच्या सहकाऱ्याचा जांभळा चौकोन लुकलुकतो आणि कोल्हापूरचा केशरी चौकोन वरून खाली घरंगळतो. कोणीतरी नुसता स्क्रोल करायला अंगठा ठेवतो आणि सोलापूरचं टार्गेट उचलून सांगलीच्या माथी बसतं. ‘सेव्ह करू का?’ असं विचारायची पद्धत तर राहिलेलीच नाही; झालं ते झालं आणि सगळ्यांना दिसलं. मग मध्यरात्री ग्रुपवर एकच प्रश्न : ‘सांगलीला कोणी हात लावला?’

एक्सेलच्या एका शीटमध्ये १६,३८४ रकाने आणि १०,४८,५७६ ओळी मावतात. त्या फोनवर बघाव्यात असं ती बनवणाऱ्यांनाही वाटत नाही. १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर घरगुती वापरासाठी फाइल दुरुस्त करायची सोय मायक्रोसॉफ्टने फुकट ठेवली आहे. पडदा त्याहून मोठा असला की तो धंद्याचा वापर समजून वर्गणी लागते. म्हणजे पैसे घेण्याजोगं काम दहा इंचांच्या पुढे सुरू होतं, असं खुद्द दुकानदाराचं मत. आपण मात्र ते साडेसहा इंचांत, उशीवर डोकं ठेवून, एका हाताने करून घेता. फिरतीवरच्या मुलांना आपण टॅब दिलेत, तेही बरंच केलंत. दुपारच्या उन्हात त्या टॅबवर शीट सोडून स्वतःचं तोंड स्वच्छ दिसतं आणि पावसाळ्यात ओल्या बोटाने नकोसा चौकोन आपोआप निवडला जातो.

ॲपला मी नावं ठेवत नाही, हे इथेच स्पष्ट करते. ते आल्यापासून कित्येक कटकटी गेल्या. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरी’ अशा नावांच्या फाइली मेलमध्ये शोधणं संपलं. गोदामात माल फुटला तर तिथला माणूस उभ्या उभ्या फोटो टाकतो आणि क्लेम त्याच दिवशी जातो. मूल आजारी असलं तर घरूनच मीटिंगला बसता येतं. रजेचा अर्ज घेऊन आपल्या केबिनबाहेर ताटकळावं लागत नाही. स्लॅक नावाचं ॲप तर मुळात एका खेळाच्या पोटी जन्मलं. टायनी स्पेक या कंपनीचा ‘ग्लिच’ हा ऑनलाइन खेळ २०१२मध्ये बंद पडला. तो बनवताना आपापसात बोलायला जे साधन केलं होतं, तेवढं उरलं. २०२१मध्ये सेल्सफोर्सने ते सुमारे २,७७० कोटी डॉलरला घेतलं. या मंडळींना रात्र म्हणजे काय ते कळत होतं. स्लॅकमध्ये रात्री १० ते सकाळी ८ घंटी मुळातच बंद ठेवलेली असते. पण धंदा शेवटी धंदाच. समोरचा गप्प आहे असं सांगून झाल्यावर ‘तरीही कळवायचं का?’ अशी एक चोरवाट त्यांनी पाठवणाऱ्यासाठी ठेवली आहे. आपल्याला ती बिनचूक सापडली.

कामाच्या वेळेबाहेरच्या अशा निरोपांवर जगात काय काय झालंय, तेही कानावर घालते, घाई नाही. फोक्सवॅगन, जिचा आपल्या चाकणला कारखाना आहे, तिने २०११च्या अखेरीस जर्मनीतल्या कामगारांशी ठराव केला : पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने त्यांच्या ब्लॅकबेरीवर मेल जाणं बंद आणि पुढच्या पाळीच्या अर्धा तास आधी सुरू. फोन करायला मुभा होती, ती ठेवली. डाइमलरने २०१४मध्ये रजेवरच्या माणसाला आलेले मेल आपोआप पुसून टाकायची सोय केली. पाठवणाऱ्याला उत्तर जातं की अमुक माणूस रजेवर आहे, मेल पुसला आहे, काम असेल तर तमुक माणसाशी बोला. फ्रान्समध्ये ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना या विषयावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करणं १ जानेवारी २०१७पासून बंधनकारक झालं. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४पासून, कामाच्या वेळेबाहेर आलेला निरोप न वाचण्याचा आणि त्याला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. नकार अवाजवी नसावा, एवढीच अट. मला सगळ्यांत पटला तो पोर्तुगाल. २०२१मध्ये त्यांनी कायद्यात थेट मालकावरच बंधन घातलं : विश्रांतीच्या वेळेत माणसाला गाठायचं नाही, अगदीच आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी. उत्तर न देणाऱ्याने धीट व्हायचं नाही, पाठवणाऱ्याने आवरायचं.

आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८मध्ये लोकसभेत असा उत्तर न देण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक मांडलं आणि डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडलं. आपण निर्धास्त असावं. १९७०नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. राहिला महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा. तो २०१७मध्ये आला तेव्हा दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती, त्यावर जादा कामाला दुप्पट मोबदला; २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ९चे १० तास करायला मंजुरी दिली. पण व्यवस्थापकीय पदावरच्या माणसाला हा कायदा लागूच नाही. आपल्या विभागात शिपाई सोडून प्रत्येक जण ‘मॅनेजर’ का, या कोड्याचं उत्तर मला हे वाचलं तेव्हा मिळालं. पगार न वाढवता पद वाढवण्यामागे एवढा अभ्यास असेल, असं वाटलं नव्हतं.

नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तासांची गोष्ट केली, लार्सन अँड टुब्रोच्या सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांची. देशभर लोकांनी त्यांना धारेवर धरलं. मला मात्र ती माणसं सरळ वाटतात. त्यांनी आकडा तरी सांगितला. आकडा सांगितला की हुज्जत घालता येते. आपण आकडा कधीच सांगत नाही. आपण सांगता, ‘जरा’. ‘जरा बघा’, ‘जरा कळवा’, ‘जरा कॉलवर या, दोन मिनिटं’. या ‘जरा’चे तास मोजायला ना कायद्यात तरतूद आहे, ना हजेरीच्या मशीनमध्ये.

गणपतीची रजा आपण मोठ्या मनाने मंजूर केलीत. त्याच ॲपवर. खाली जास्वंदीचं फूल आणि ‘बाप्पाला आमचाही नमस्कार’. मांडवी एक्स्प्रेस पनवेल सोडते न सोडते तोच विचारणा आली, ‘गाडीत रिकाम्याच असाल, म्हणून विचारतो.’ रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. त्यात रेंज गेली. कुणाच्याही परवानगीवाचून मिळालेली ती एवढीच रजा. लोकसभेला जे अजून जमलेलं नाही, ते कोकण रेल्वेने डोंगर फोडून करून ठेवलंय. चतुर्थीला सकाळी मोदकांची उकड मळत असताना ओट्यावरचा फोन पुन्हा थरथरला. उकडीने भरलेलं बोट त्या फोनला ओळखू येत नाही. तो सहा आकडी पिन मागतो, आपल्याच परिपत्रकातला. सासूबाई म्हणाल्या, ‘कोणाचा गं एवढा, दवाखान्यातून आहे का?’ आता ‘सांगलीचं टार्गेट’ असं उत्तर त्या माउलीला कोणत्या तोंडाने द्यावं?

आपण म्हणाल, ‘तुम्हीच घंटी बंद करून ठेवा की.’ एचआरच्या बाईंनीही वेलनेस सत्रात हेच सांगितलं, पंधरा स्लाइड दाखवून. शांत वेळ लावा, नोटिफिकेशन बंद करा, ब्रीफकेसचं प्रोफाइल संध्याकाळी थांबवा. साधनं सगळी आहेत, खरंच आहेत. फक्त ती सगळी घेणाऱ्याच्या हातात दिलेली आहेत. अंगठ्यांच्या रांगेत आपला अंगठा कमी दिसला तर वार्षिक मूल्यमापनात ‘टीम स्पिरिट’पुढे काय लिहिलं जातं, ते कुठल्या सेटिंगमध्ये बदलायचं, याची स्लाइड नव्हती. दार आतून लावायचं आणि बाहेर कोण उभं आहे म्हणून रात्रभर कान लावून बसायचं, याला शांत वेळ म्हणत नाहीत.

म्हणून एक साधी कसोटी सुचवते. रात्री पावणेबाराला काही सुचलं, तर संदेश लिहू नका, फोन लावा. फोन लावायच्या आधी मनात येईल : एवढ्या रात्री? झोपल्या असतील. घरच्यांना काय वाटेल? आणि आपण फोन खाली ठेवाल. ही लाज आपल्यात शाबूत आहे, साहेब, मला खात्री आहे. अशा कामासाठी आपण कधी कुणाला मध्यरात्री फोन केलेला नाही. संदेशाला मात्र ती लाज आड येत नाही, कारण समोरचा दचकून उठलेला आपल्याला दिसत नाही. दिसतो तो अंगठा. गोदामाला आग लागली, सर्व्हर बसला, एखादा सहकारी अपघातात सापडला, तर खुशाल कितीही वाजता फोन करा. आम्ही सगळे धावत येऊ. आजवर तसं आलोही आहोत. ज्या कामासाठी फोन करायचा धीर होत नाही, त्या कामाला सकाळपर्यंत मरण नाही.

आणि सुचलेलं सकाळपर्यंत विसरायला होईल, ही भीती असेल, तर त्यावरही सोय आहे. आत्ता लिहायचं आणि सकाळची वेळ लावून ठेवायची. संदेश आपल्या डोक्यातून रात्रीच उतरतो आणि आमच्या डोक्यावर कामाच्या वेळेत चढतो. एवढं एक बटण आपण वापरलंत, तर कायदा नको, वेलनेस सत्र नको आणि बोगदाही नको. आमच्याकडच्या दहा बटणांनी जे साधत नाही, ते आपल्याकडच्या एका बटणाने साधतं. घंटी कोणी ऐकायची हा प्रश्नच नव्हता. ती कोणी वाजवायची, एवढाच होता.

आपल्या शीटमधला कोल्हापूरचा आकडा चुकला आहे. कळवते, सकाळी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र (सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा),
विभागातली एक असिस्टंट मॅनेजर

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या इतर साहेबांसाठी. टीम्स किंवा स्लॅक फोनवर वापरत असाल, तर संदेश लिहून झाल्यावर पाठवायच्या बाणावर नुसती टिचकी मारू नका. बोट दाबून धरा. वेळ ठरवायची सोय समोर येते. जीमेलमध्ये हीच सोय वरच्या तीन ठिपक्यांच्या यादीत आहे. तिन्ही ठिकाणी फुकट आहे.